सायलेन्सरमधून काळं तेल टपकतंय? नोझल काढण्याआधी लोड मोजा

"साहेब, तिसऱ्यांदा टपकायला लागलंय." कोथरूडकडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन. ६२.५ केव्हीएचा डीजी सेट, म्हणजे वीज गेल्यावर चालणारा डिझेल जनरेटर, वय तेरा वर्षं, चाललेले तास मात्र सहाशेच्या घरात. म्हणजे इंजिन अजून नीट वापरलेलंही नाही. तरी बेलोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या लवचिक जोडपाइपच्या, जॉइंटमधून डांबरासारखं काळं, चिकट काहीतरी कॅनोपीत, म्हणजे सेटभोवतीच्या पेटीत, गळत होतं. एक्झॉस्टचा पाइप भिंतीलगत गच्चीपर्यंत जातो, तिथे नव्या रंगावर लांबलचक ओघळ. पहिल्या वेळी एएमसीवाल्याने (वार्षिक देखभालीच्या ठेकेदाराने) बेलोचं गॅस्केट बदललं. दुसऱ्या वेळी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्या) काढून कॅलिब्रेशनला पाठवले. दर वेळी दोन-तीन महिने बरे गेले आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता टॉप ओव्हरहॉलिंगचं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून दुरुस्त करण्याचं, कोटेशन आलं होतं आणि त्यावरून कमिटीत दोन तट पडले होते.

मी इंजिनाला हात लावला नाही. आधी विचारलं, डीजीवर काय काय आहे? "दोन लिफ्ट, पाण्याचे दोन पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे, सीसीटीव्ही, गेट," काका म्हणाले. ऐकायला भरपूर वाटतं. मेन पाडून सेट चालू केला आणि तिन्ही फेजला एकेक करून क्लॅम्प मीटर लावला. लिफ्ट उभ्या, पंप बंद. आर फेजला ९ अँपिअर, वायला ६, बीला ११.

४१५ व्होल्टला ६२.५ केव्हीएच्या सेटचा फुल लोड करंट फेजमागे ८७ अँपिअर येतो. इथे सरासरी नऊसुद्धा भरत नव्हती. पन्नास किलोवॉट ओढणाऱ्या इंजिनावर जेमतेम पाच किलोवॉट. लिफ्ट वर जाताना काही सेकंद आकडा उडी मारायचा, की परत खाली. पंप तर ऑपरेटर मामा सकाळी सहाला लावून मोकळे व्हायचे, त्यामुळे वीज गेलेली असताना ते चालण्याचा प्रश्न क्वचितच यायचा.

सेट एवढा मोठा घेतला तो चुकून नव्हे. बांधकामाच्या वेळी लिफ्टच्या मोटरी सुरू होताना दणकून करंट घ्यायच्या. डायरेक्ट स्टार्टरवरची मोटर रेटेडच्या सहापट सहज खाते. पार्किंगला ट्यूबलाइट, बाहेर सोडियमचे दिवे. नंतर दिवे एलईडी झाले, लिफ्टला व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारं यंत्र) बसली. वीजबिल कमी झाल्याचे पेढे वाटले गेले, पण डीजीवरचा लोडही त्याच वेळी पळाला याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

या दुखण्याला वेट स्टॅकिंग म्हणतात. आपल्याकडचे फिटर "सायलेन्सर ऑइल मारतोय" म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ते बऱ्याचदा इंजिन ऑइल नसतंच. ते अर्धवट जळलेलं डिझेल, काजळी आणि थोडं लुब ऑइल यांचं मिश्रण असतं. ओल्या लाकडाची चूल पेटते खरी, पण धुमसते, आणि भिंतीवर चिकट काजळी धरते, तसंच हे. लोड कमी म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल थोडं, म्हणून उष्णता कमी, म्हणून ते थोडं डिझेलसुद्धा पुरतं जळत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, घट्ट बसतात त्या नुसत्या स्वतःच्या ताणाने नाही; वरच्या गॅसचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो. लोडच नसेल तर तो दाबही नाही. मग रिंगा ढिल्या चालतात, खालचं ऑइल वर येतं आणि वरचं कच्चं डिझेल खाली ऑइल संपमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. टर्बोचंही (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचंही) तेच. दोन्ही बाजूंना दाब नसला की त्याच्या सीलमधून तेल झिरपतं, आणि मेकॅनिक टर्बो गेला म्हणून सांगतो.

रेटेड किलोवॉटच्या ३० टक्क्यांखाली डिझेल सेट फार वेळ चालवायचा नाही, हा या धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे. आमच्या या सेटला म्हणजे किमान १५ किलोवॉट हवा होता आणि मिळत होता पाच.

आता तुमच्या सेटचं हेच दुखणं आहे की दुसरं, ते कसं ओळखायचं?

पांढरं फडकं घ्या आणि जॉइंटखाली जे साचलंय ते पुसा. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं स्वच्छ किंवा मळकट पाणी टपकलं तर ते जळणातून आलेल्या वाफेचं पाणी असतं, त्याची काळजी नको. काळं, बोटाला चिकटणारं आणि डिझेलचा वास येणारं असेल तर वेट स्टॅकिंगचा संशय पक्का. इंजिन ऑइलसारखं बुळबुळीत, पातळ थराने पसरणारं असेल आणि चांगल्या लोडवरही थांबत नसेल, तर टर्बो, व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंगा पाहाव्या लागतील. पावसाळ्यात पाइपच्या तोंडावरची टोपी उडालेली असली तर वरून आलेलं पाणी काजळी घेऊन खाली येतं आणि तेही असंच दिसतं. वर जाऊन पाहायला आळस करू नका.

दुसरी तपासणी माझ्या आवडीची. दहा मिनिटांत होते. लेझर बंदूक, म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर, घ्यायची आणि सेट पंधरा मिनिटं चालल्यावर एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या पाइपवर, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी तापमान घ्यायचं. सगळी तोंडं सारखीच थंड असतील तर दोष लोडचा. एकच तोंड बाकीच्यांपेक्षा बरंच गार असेल तर त्या सिलिंडरचा नोझल, पाइप किंवा व्हॉल्व्ह पाहा. बंदूक बाहेरच्या लोखंडाचं तापमान दाखवते, आतल्या गॅसचं नाही, म्हणून आकड्यापेक्षा तोंडातोंडातला फरक महत्त्वाचा. आमच्या सेटवर चारही तोंडं पाच-सात अंशांच्या आत होती. नोझल निर्दोष सुटले.

मग कूलंटचं तापमान. अर्ध्या तासानंतरही मीटर पन्नास-पंचावन्नवरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का ते उघडून बघा. हो, आहे का! आपल्याकडे काही मिस्त्रींना जुनी खोड आहे: उन्हाळ्यात एकदा इंजिन तापलं की थर्मोस्टॅट काढून खिशात घालायचा. रेडिएटर साफ करण्यापेक्षा ते सोपं पडतं. पुढे ते इंजिन जन्मभर गार चालतं, आणि हलक्या लोडवर तर हिवाळ्यात ते तापतच नाही. या सोसायटीत तो जागेवर होता. पण मागच्या वर्षी भोसरीकडे एका वर्कशॉपमध्ये नव्हता, आणि तिथे अर्धा आजार नुसता थर्मोस्टॅट बसवून बरा झाला.

शेवटी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. ऑइल न घालता पातळी वर आलेली असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. वास घ्या, दोन बोटांत चोळा, पातळ लागेल. दूध घातलेल्या चहासारखा रंग असेल तर ते पाणी आहे, तो वेगळा विषय. आमची डिपस्टिक वरच्या खुणेच्या बोटभर वर होती. ऑपरेटर मामा म्हणाले, "बरंच आहे ना साहेब, ऑइल खात नाही." म्हटलं, मामा, खात नाही खरं, पण डिझेल पितंय.

एअर फिल्टर चोक, टाकीत तळाला पाणी, वर्षभर पडून राहिलेलं डिझेल, हे सगळं नेहमीचंच. तपासा आणि पुढे चला.

उपाय सांगायला सोपा आहे: इंजिनाला काम द्या. करायला मात्र थोडी शिस्त लागते.

ऑइल पातळ झालं असेल तर आधी ऑइल आणि फिल्टर बदला. पातळ ऑइलवर जड लोड टाकलात तर काजळी जाईल आणि बेअरिंगही जातील. मग लोड बँक भाड्याने आणा. ती म्हणजे पंखा लावलेला मोठा हीटरच. चाकं असतात, चार केबल जोडल्या की झालं. एक बारकावा: हीटरचा लोड शुद्ध किलोवॉटचा असतो. त्यामुळे ६२.५ केव्हीएच्या सेटवर ५० किलोवॉट हीटर लावला की इंजिन पूर्ण भरतं, आणि अल्टरनेटरवर करंट मात्र ७० अँपिअरच दिसतो. करंट कमी दिसतो म्हणून आणखी लोड चढवू नका, इंजिन बसेल.

आम्ही पहिला अर्धा तास २५ टक्क्यांवर ठेवला. मग ५०. पाऊणच्या दिशेने जाताना दर टप्प्यावर धूर बघत बसायचं. ५० टक्क्यांवर गेल्यावर वीसेक मिनिटांनी पाइपातून असा काळा लोट निघाला की चौथ्या मजल्यावरच्या आजींनी वाळत घातलेले कपडे ओढले आणि वरून दोन शब्द ऐकवले. नोटीस लावायला आम्ही विसरलो होतो, तुम्ही विसरू नका. हा लोट दिसला की घाबरून लोड काढायचा नाही, कारण साठलेलं जळून बाहेर पडत असतं. आणि घाई करून एकदम फुल लोडही टाकायचा नाही. सायलेन्सरमध्ये साठलेलं ते डांबर एकदम पेट घेऊ शकतं, पाइपच्या तोंडातून ठिणग्या उडतात. गच्चीवरचा पालापाचोळा आधी झाडून घ्या, प्लॅस्टिकची शेड जवळ असेल तर ओली करा, आग विझवणाऱ्या डीसीपी पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवा.

आमचा धूर ७५ टक्क्यांवर दीड तासाने निवळला. चहा पिऊन आलो तेव्हा पाइपाच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसत होती. आणखी तासभर तसाच ठेवला, मग पाच मिनिटं बिनलोड गार केला आणि बंद. दोन-तीन तास ७५ टक्क्यांवर राहूनही धूर निवळला नाही, किंवा निळाच राहिला, तर मात्र लायनर गुळगुळीत झालेले असतात, आरशासारखे. त्यांच्यावरच्या तिरप्या रेघा गेलेल्या असतात, त्यामुळे ऑइल धरत नाही. तिथे होनिंग (लायनरवर त्या रेघा पुन्हा पाडणं) आणि नव्या रिंगा याला पर्याय नाही, आणि टॉप ओव्हरहॉलिंगचं कोटेशन तेव्हा खरं मानायचं. आधी नाही.

पिंपात मिठाचं पाणी भरून प्लेटा सोडायच्या आणि त्यावर लोड घ्यायचा, हे अजून काही ठिकाणी चालतं. स्वस्त आहे. सोसायटीत, मुलं खेळतात तिथे, उघड्या पिंपात तीन फेज सोडण्याचा विचारही नको.

लोड बँक न आणता घरच्या लोडवर भागतं का? बऱ्याचदा भागतं. आगीच्या हायड्रंटचा मुख्य पंप असतो, पंधरा-वीस अश्वशक्तीचा, आणि टेस्ट लाइनमधून त्याचं पाणी परत टाकीत फिरवता येतं. त्या निमित्ताने तो पंप चालतो की नाही हेही कळतं, जे बऱ्याच सोसायट्यांना माहीत नसतं. तो आणि पाण्याचे दोन पंप मिळून ६२.५ केव्हीएचा सेट निम्म्याच्या आसपास जातो. मोठी मोटर आधी चालू करा, लहान नंतर. उलट केलंत तर मोठी सुरू होताना व्होल्टेज कोसळतं आणि लहान मोटरींचे कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे स्विच) पडतात.

आता खरी मेख. काकांना विचारलं, टेस्ट कशी घेता? ते अभिमानाने म्हणाले, "दर रविवारी सकाळी दहा मिनिटं, न चुकता. रजिस्टर दाखवतो." रजिस्टर खरंच होतं, तेरा वर्षांचं, सुवाच्य अक्षरात. आणि तेच रोगाचं मूळ होतं. दर रविवारी दहा मिनिटं, बिनलोड. इंजिन गार असतानाच सुरू, गार असतानाच बंद. सहाशे तासांतले निदान शंभर तास असे गेलेले. एवढ्या काळजीने इंजिनाचं एवढं वाटोळं करता येतं हे त्यांना पटायला वेळ लागला, मलाही सांगताना वाईट वाटलं.

अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात आणीबाणीच्या जनरेटरसाठी सोपं सांगितलंय: महिन्यातून एकदा, सलग ३० मिनिटं, किमान ३० टक्के लोडवर. तेवढा लोड मिळत नसेल तर वर्षातून एकदा लोड बँक लावून अर्धा तास ५० टक्के आणि एक तास ७५ टक्के. आपल्या सोसायटीला तो कायदा लागू नाही, पण कमिटीसमोर ठेवायला आकडा म्हणून उत्तम. आधी आपल्या सेटचं मॅन्युअल बघा, त्यात वेगळं असेल तर ते खरं. "मग बॅटरी उतरेल ना?" असं लगेच विचारलं जातं. बॅटरीसाठी एएमएफ पॅनेलमध्ये, म्हणजे वीज गेली की सेट आपोआप सुरू करणाऱ्या पॅनेलमध्ये, चार्जर असतो. तो बंद पडलाय म्हणून लोक दर आठवड्याला इंजिन चालवतात. चार्जर दुरुस्त करा, तो डिझेलपेक्षा स्वस्त आहे.

डिझेलचं म्हणाल तर या आकाराचा सेट पाच किलोवॉटवरही तासाला चार लिटरच्या आसपास पितो, कारण स्वतःला फिरवत ठेवायलाच त्याला बरंच लागतं. म्हणजे लिटरला सव्वा युनिट. हाच सेट सत्तर टक्क्यांवर लिटरला साडेतीनच्या आसपास देतो. डिझेल नव्वद रुपये धरा, आणि एका युनिटला बहात्तर रुपये आणि सव्वीस रुपये यातला फरक खजिनदारांना सांगा. माझ्या अनुभवात धुराच्या तक्रारीपेक्षा हा हिशोब लवकर मंजूर होतो.

त्या सोसायटीत आम्ही तीन गोष्टी केल्या. वीज जाताच पाच सेकंदांत सेट सुरू व्हायचा, तो एएमएफचा वेळ वाढवून एक मिनिट केला. पुण्यात कितीतरी वेळा वीज अर्धं मिनिट जाऊन परत येते आणि दर वेळी थंड इंजिनाला उगाच उठवलं जायचं. लिफ्टला एआरडी होती, वीज गेली की ती जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडते, म्हणून हे चाललं. एआरडी नसेल, फायर लिफ्ट डीजीवर असेल, किंवा तुमचं हॉस्पिटल असेल, तर हा वेळ वाढवायचा नाही. दुसरं, जिन्यातले दिवे, गेट आणि सीसीटीव्ही छोट्या लिथियम इन्व्हर्टरवर टाकले. रात्री वीज गेली तर लिफ्ट लागेपर्यंत डीजीची गरजच नाही. तिसरं, ऑपरेटर मामांना सांगितलं की डीजी दहा मिनिटांहून जास्त चालणार असं दिसलं की दोन्ही पंप लावायचे आणि क्लबहाउसचे एसी चालू करायचे. मामांना हे फारच पटलं. क्लबहाउसचे एसी चालू करायला लेखी परवानगी मिळालेला पुण्यातला तो पहिलाच पंप ऑपरेटर असावा.

अशा रीतीने लोड अठरा-वीस किलोवॉटवर आला. फडक्याने पुसून बघितलं, जॉइंट कोरडा. मी बिल दिलं आणि विसरलो.

साडेतीन महिन्यांनी पुन्हा फोन. पुन्हा टपकतंय.

मी जरा ओशाळलोच. गेलो, रजिस्टर पाहिलं. मामांनी सांगितल्याप्रमाणे करंट लिहिले होते, पण गुरुवारच्या नोंदी विचित्र. पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस, सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत सेट चालायचा. सकाळी सव्वादहाला फेजमागे २८ अँपिअर. साडेबाराला ७. पंप चालू, एसी चालू, आणि करंट ७? मामांना वाटलं मीटर बिघडला, म्हणून त्यांनी पुढे लिहिणंच सोडलं.

वर गच्चीवर बघितलं तर नवी सोलर पॅनेलं. मधल्या काळात सोसायटीने १५ किलोवॉटचं सोलर बसवलं होतं आणि सोलरच्या इन्व्हर्टरची केबल चेंजओव्हरच्या (लोड महावितरणवरून डीजीवर नेणाऱ्या स्विचच्या) पुढे, लोडच्या बाजूला जोडली होती. वीज गेली की सोलर बंद पडतं, बरोबर. पण डीजी सुरू झाला की बसवर, म्हणजे पॅनेलच्या मुख्य पट्ट्यांवर, पुन्हा ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आले. इन्व्हर्टरला वाटलं महावितरण परत आलं, आणि तो इमानदारीत कामाला लागला. दुपारी लख्ख उन्हात वीसपैकी पंधरा किलोवॉट तो उचलायचा, डीजीला उरायचे पाच. ज्या दिवशी पंप बंद असतील त्या दिवशी सोलर लोडपेक्षा जास्त होऊन वीज उलटी अल्टरनेटरमध्ये शिरायची भीती, जे काजळीपेक्षा कितीतरी वाईट.

याला दोन उपाय आहेत. एक कंट्रोलर मिळतो, तो डीजीवर किमान तीस टक्के लोड राहील इतकंच सोलर सोडतो. मोठा प्लँट आणि रोजचे सहा-सहा तास डीजी असेल तर तो घ्यावा. आठवड्यातून एक दिवस चालणाऱ्या सेटला एवढा खर्च कशाला? आम्ही सोलरच्या एसी लाइनवर एक कॉन्टॅक्टर टाकला आणि त्याची कॉइल डीजीच्या ब्रेकरच्या सहायक कॉन्टॅक्टवरून घेतली. डीजी लोडवर आला की सोलर बाजूला. अर्ध्या दिवसाचं काम.

त्यानंतर पुन्हा एकदा लोड बँक आणून साठलेलं जाळलं, या वेळी नोटीस आठ दिवस आधी लावून. मामांच्या रजिस्टरमध्ये आता गुरुवारी दर तासाला तिन्ही फेजचे आकडे असतात, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या मनाने एक मथळा घातलाय: "फडकं". त्याखाली कोरडं किंवा ओलं. गेल्या अकरा गुरुवारी कोरडं आहे. एका ठिकाणी "ओलं" लिहून खोडलंय आणि बाजूला लिहिलंय, "पाऊस."